'जिराईत' : व्युत्पत्ती, उच्चार आणि रूपविचार

बारामती-इंदापूर परिसरात 'जिराईत' हे विशेषण जमिनीला जसे लागते तसे गावालाही लागते. 'जिरणे' या क्रियापदाशी त्याचे ध्वनिसाम्य आभासी होय. मूळ अरबी 'ज़िराअत' म्हणजे शेती. फारसीमार्गे तो शब्द मराठीत आला. ओलिताची जमीन 'बागाईत' म्हणून वेगळी गणली गेल्याने पावसावरची तेवढी 'जिराईत', असा अर्थसंकोच झाला.

मूळ 'ज़' हा 'जोर' या शब्दात दंततालव्य होतो; येथे मात्र इकारामुळे तालव्य उच्चारला जातो.

'कोरडा-कोरडी-कोरडे' याप्रमाणे हे विशेषण लिंगवचनानुसार बदलत नाही : जिराईत पट्टा, जिराईत जमीन, जिराईत शेतात. नामासारखे योजल्यास मात्र सामान्यरूप होऊन ईकार ऱ्हस्व होतो : जिराइतात. 'जिरायत', 'जिरायती' ही रूपेही रूढ आहेत.

इ. स. १८८५च्या सुमारास झालेल्या नीरा डाव्या कालव्याने या भेदाला भौगोलिक सीमा दिली. कालवा व नदी यांमधला पट्टा बागायती, सुपे-मोरगावकडचा जिरायती. म्हणूनच कोशात 'कोरडवाहू' एवढाच पर्याय पुरेसा नाही. 'बागाईत'शी असलेला विरोधही नोंदविणे आवश्यक ठरते.