गंधाची वर्दी

होळीची राख निवते न निवते तोच चंद्रपूर-गडचिरोलीच्या मुलखात मोह गळू लागतो. रात्री उमललेली ती मांसल, पिवळसर पांढरी फुले पहाटे टपटप खाली येतात, आणि पालापाचोळा झाडून किंवा जाळून आधीच मोकळ्या केलेल्या झाडाखालच्या जागेत, अंधार पुरता विरण्यापूर्वीच, बायकापोरे टोपल्या घेऊन वाकलेली दिसतात. त्या वेळी डोळ्यांच्या आधी नाक झाडापाशी पोहोचलेले असते. अस्वलालाही तोच वास तेथे ओढून आणतो, म्हणून वेचणारे हात खाली असले तरी कान सावध असतात. पुढे फुले अंगणात वाळत पडली, की त्यांतली मूठभर नाकाशी धरून, ओल धरून आंबलेले फूल कोणते आणि साठवणीजोगे कोणते, याचा निवाडा घरातले जाणते माणूस एका श्वासात करते. तो निवाडा करणारे नाक, त्या नाकामागचा मेंदू, आणि वर्षानुवर्षे बिनचूक ठरलेला तो निवाडा उतारवयात चुकू लागला तर त्याचा अर्थ काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

मोहाच्या गंधात एका रेणूचा वाटा आहे. त्याचे नाव २-ॲसिटाइल-१-पायरोलिन. आंबेमोहोर आणि बासमती शिजताना जो परिमळ सुटतो त्याचा मुख्य धनी हाच. पाण्याच्या एक अब्ज भागांत त्याचा दशांश भाग असला तरी माणसाच्या नाकाला तो कळतो. कोलकात्याचे शास्त्रज्ञ रतनलाल ब्रह्मचारी यांनी आयुष्याची अनेक वर्षे वाघाच्या गंधखुणांचा तपास केला, आणि वाघ शेपटी उभारून झाडाच्या बुंध्यावर जो द्राव फवारतो त्यात, तसेच मोहाच्या फुलातही, हाच रेणू असल्याचे दाखवून दिले. ताडोब्याच्या आसमंतात राहणाऱ्या माणसाला, म्हणजे, चुलीवरचा सुवासिक भात, पहाटेचा मोह आणि वाघाची हद्द या तिन्ही ठिकाणी निसर्गाने एकच अक्षर लिहून ठेवले आहे. परंतु पहिल्या ठिकाणी ते वाचून भूक चाळवते, दुसऱ्या ठिकाणी टोपली पुढे सरकते आणि तिसऱ्या ठिकाणी पाऊल मागे फिरते. रेणूच्या अंगी अर्थ नसतो. सोबतचे इतर वास, स्थळ, काळ आणि स्मृती यांच्या आधारे तो मेंदू लावतो.

हा अर्थ कसा लागतो, ते पाहण्यासारखे आहे. नाकपुडीच्या छताशी, काही चौरस सेंटिमीटरच्या ओलसर अस्तरात, गंधपेशी वसलेल्या असतात. मनुष्यात सुमारे ४०० प्रकारचे गंधग्राहक कार्यरत आहेत. त्यांचे जनुककुल लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल यांनी १९९१ साली उजेडात आणले व २००४ साली त्याबद्दल त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच्याही आधी, मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ओबेद सिद्दिकी आणि त्यांच्या शिष्या वेरोनिका रॉड्रिग्ज यांनी फळमाशीच्या रस-गंधज्ञानाचा आनुवंशिक तपास आरंभिला होता, आणि १९७८ साली तो प्रसिद्धही झाला होता, ही गोष्ट मराठी वाचकाने विसरू नये. या गंधपेशींचे तंतू चाळणीसारख्या सच्छिद्र अस्थीतून वर जाऊन मेंदूच्या तळाशी असलेल्या गंधकंदात शिरतात. दृष्टी, श्रवण आणि स्पर्श यांच्या अर्जांना थॅलॅमसच्या देवडीवर थांबून मगच वरच्या कचेरीत प्रवेश मिळतो. गंधाला मात्र ही देवडी चुकवून, भावनांचे ठाणे असलेल्या अमिग्डलापर्यंत आणि स्मृतीचे दफ्तर सांभाळणाऱ्या हिप्पोकॅम्पसच्या उंबरठ्यापर्यंत थेट जाता येते. आयुर्वेदाने नाकाला मस्तकाचे द्वार मानून नस्यकर्म सांगितले. आधुनिक शारीरविज्ञानाने त्या द्वाराचा नकाशा काढला.

परंतु जे द्वार इतके थेट, त्याची पडझडही लवकर कळते. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली ज्या कंपवाताचे वर्णन केले, त्याच्या बहुसंख्य रुग्णांत घ्राणशक्ती मंदावलेली आढळते, आणि पुष्कळांत ही मंदता हाताला कंप सुटण्याच्या कित्येक वर्षे आधीच आलेली असते. जर्मन संशोधक हायको ब्राक यांनी २००३ साली असे मांडले, की या रोगात पेशींत साचणाऱ्या अल्फा-सायन्यूक्लिन नावाच्या प्रथिनाच्या गुठळ्या प्रथम गंधकंदात आणि मस्तिष्कस्तंभाच्या खालच्या भागात दिसतात, आणि हालचालींचे नियमन करणाऱ्या केंद्रांपर्यंत त्या मागाहून पोहोचतात. प्रत्येक रुग्णात हाच क्रम असतो असे नाही, आणि त्यावर वादही आहेत. तरी रोगाची पहिली वर्दी नाक देते, ही गोष्ट आता वैद्यकाने मान्य केली आहे. अल्झायमरमध्ये ऱ्हासाचा आरंभ हिप्पोकॅम्पसलगतच्या ज्या पट्ट्यात होतो, त्याच पट्ट्यातून गंधाची वाट जाते. म्हणून तेथे वास येतो, पण तो कशाचा हे ओळखता येत नाही, अशी तक्रार विशेष आढळते. वास जाणे म्हणजे मेंदूचा रोगच, असा अर्थ मात्र कोणी काढू नये: पडसे, नाकातील विकार, डोक्याचा मार, वार्धक्य, आणि २०२० पासून सर्वांना परिचित झालेला कोविड, ही कारणे कितीतरी अधिक सामान्य आहेत.

कोविडच्या त्या वर्षी पुण्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील निक्सन अब्राहम यांच्या प्रयोगशाळेने गंधाची मात्रा नेमकी मोजून देणारे यंत्र रुग्णांपुढे ठेवले, तेव्हा ज्यांना आपल्याला काही झाले आहे याची जाणीवही नव्हती अशांतही घ्राणदोष सापडला. मर्म येथेच आहे. डोळा अधू झाला की माणूस ठेचकाळतो, कान गेला की घरचे ओरडतात. नाक जाते ते मुकाट्याने जाते, आणि ते गेल्याचा दाखला ज्याचे गेले त्यालाही देता येत नाही. त्याला विचारावे लागते.

विचारायचे ते कोणत्या भाषेत? अमेरिकेत रिचर्ड डोटी यांनी १९८४ साली तयार केलेली, खरवडून हुंगण्याच्या ४० वासांची परीक्षा जगभर प्रमाण मानली जाते. तिच्यात चेडर चीज, लायलॅक, जिंजरब्रेड आणि रूट बिअर आहेत. अहेरी-भामरागडकडच्या आजीला ही परीक्षा दिली, तर ती नापास होईल आणि तिचे नाक मात्र शाबूत असेल. तिच्यापुढे ठेवायचे ते मोहफूल, ओला सांबार, ज्याला पुण्याकडे कोथिंबीर म्हणतात, भाजलेले जवस, सुकी मासोळी आणि तेंदूची पाने. गंधाला भाषेत शब्द नसतात, हा पाश्चात्त्य पंडितांचा जुना समजही आता टिकत नाही: मलेशियाच्या अरण्यात राहणारे जाहाई लोक रंगाइतक्याच सहजतेने वासांना नावे देतात, असे आसिफा मजीद आणि निक्लास बुरेनहुल्ट यांनी २०१४ साली दाखविले. आणि ज्या मराठीत खमंग, खरपूस, करपट, खवट, कुबट, मातकट, आंबूस आणि उग्र हे शब्द स्वयंपाकघरात रोज उच्चारले जातात, तिला तर हा समज कधीच लागू नव्हता.

अरण्यातल्या माणसाला मेंदूचे रोग कमी, हा असाच एक शहरी समज होता. अभय आणि राणी बंग यांनी १९८६ साली स्थापिलेल्या ‘सर्च’ संस्थेत डॉ. योगेश्वर काळकोंडे आणि सहकाऱ्यांनी गडचिरोलीच्या ८६ गावांतील मृत्यूंची गावोगाव चौकशी करून २०१५ साली जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत पक्षाघात हे मृत्यूचे पहिले कारण निघाले. दर सात मृत्यूंत एक. विचारले म्हणून कळले. शेजारच्या चंद्रपुरात कोळसा आणि औष्णिक वीज यांची धूळ आहे. २००९ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या मोजणीत हे शहर देशातील अतिप्रदूषित क्षेत्रांत चौथे होते. सूक्ष्म धूलिकण गंधकंदापर्यंत पोहोचतात हे मेक्सिको शहरातील मृतांच्या तपासणीतून दिसले आहे, आणि अशा हवेत दीर्घकाळ राहणाऱ्यांत वास जाण्याचे प्रमाण अधिक असते असे बाल्टिमोरच्या संशोधकांनी २०२१ साली नोंदविले आहे. कार्यकारणभाव पुरता सिद्ध व्हावयाचा आहे. पण ज्या शहरात धूर आणि म्हातारपण एकत्र नांदतात, तेथे हा प्रश्न विचारण्यास पुराव्याची याहून अधिक वाट पाहण्याचे कारण नाही.

व्याघ्रगणनेच्या दिवसांत ताडोब्याचा वनरक्षक पाऊलखुणा, विष्ठा आणि बुंध्यावरचे ओरखडे यांच्याबरोबर वाघाच्या गंधखुणेचीही नोंद करतो. त्या वासाचा त्याच्या तक्त्यात रकाना आहे. तसाच एक रकाना गावच्या आरोग्यसेविकेच्या वहीतही असावा, आणि रक्तदाब पाहून झाल्यावर, अंगणात वाळणाऱ्या मोहाची मूठ पुढे करून, तिने एवढेच विचारावे : “आजी, वास येते का?”