साडेत्रेसष्ट वॅटपासून हजार वॅटपर्यंत

आयबीएमने १९८१ साली आपला पहिला पर्सनल कॉम्प्युटर बाजारात आणला, तेव्हा त्याच्या पोटातला पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा होता. दोन वर्षांनी हार्ड डिस्कवाला एक्सटी आला आणि आकडा १३०वर गेला. आज एनव्हिडियाचं आरटीएक्स ५०९० हे एकटं ग्राफिक्स कार्ड ५७५ वॅट खातं आणि कंपनी त्याच्यासाठी १००० वॅटचा सप्लाय घ्यायला सांगते. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर ज्याला नुसतं ‘एसएमपीएस’ म्हणतात तो हा पत्र्याचा डबा. असेंबल्ड मशीनच्या कोटेशनमध्ये त्याची ओळ बहुतेक वेळा शेवटची असते आणि पैसे कमी पडले की कात्रीही तिच्यावरच चालते.

डबा करतो ते काम मात्र शेवटचं नाही. भिंतीतले २३० व्होल्ट तो आधी एसीचे डीसी करतो, पुढे चारशेच्या आसपास चढवतो, मग ती वीज सेकंदाला हजारो वेळा तोडत-जोडत एका छोट्या ट्रान्सफॉर्मरमधून काढतो आणि शेवटी १२, ५ आणि ३.३ व्होल्ट हातात देतो. या तोडण्या-जोडण्याच्या वेगामुळेच ट्रान्सफॉर्मर मुठीत मावतो. ५० हर्ट्‌झवर पाचशे वॅटचं तेच काम करायला कित्येक किलो लोखंड-तांबं लागलं असतं. आतला सगळ्यात ठसठशीत भाग म्हणजे अंगठ्याहून जाड, काळ्या वेष्टनातला कपॅसिटर. त्याच्या अंगावर ‘४०० व्होल्ट, १०५ अंश’ असं काहीतरी छापलेलं असतं. प्लग काढल्यावरही तो बराच वेळ चार्ज धरून बसतो, म्हणून हौसेनं डबा उघडायला जाऊ नये.

वॅटचा मोठा आकडा डब्याच्या बाहेर छापलेला असतो. बघायचं ते कडेच्या लेबलावर. पूर्वी प्रोसेसर ५ व्होल्टच्या लायनीवर चालत. २००० साली, पेंटियम ४च्या वेळी, मदरबोर्डला १२ व्होल्टची वेगळी चार पिनांची जोडणी आली आणि तेव्हापासून भार १२ व्होल्टकडे सरकला. आज प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्ड दोघंही तिथूनच जेवतात. ‘४५० वॅट’ लिहिलेल्या डब्याच्या लेबलावर १२ व्होल्टसमोर १६ अँपिअर असतील, तर गुणाकार येतो १९२ वॅट. उरलेले वॅट ज्या लायनींवर दाखवलेत, त्यांना आजच्या गेमिंग मशीनमध्ये फारसं गिऱ्हाईक नाही. चांगल्या ५५० वॅटच्या सप्लायवर १२ व्होल्टला ४५ अँपिअर मिळतात, म्हणजे ५४० वॅट. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ येणारा डबा घेताना एवढा एक गुणाकार मोबाइलवर करावा. दुकानदार रागावत नाही.

आता हिशेब. आरटीएक्स ४०६० ११५ वॅट घेतं. आय-५ १२४०० एफ या प्रोसेसरच्या खोक्यावर ६५ वॅट लिहिलेलं असलं, तरी जोर लावला की तो ११७पर्यंत जातो. हा दुसरा आकडाच धरायचा. मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, पंखे यांचे मिळून पन्नास-साठ. बेरीज तीनशेच्या आत. तरी एनव्हिडिया या कार्डाला ५५० वॅट सुचवते, आणि ती निव्वळ कंपनीची भीती नाही. ग्राफिक्स कार्डाची भूक सरळ रेषेत चालत नाही. सेकंदाच्या बारीक तुकड्यात ती छापील आकड्याच्या दुपटीवरही उसळते. गेममध्ये मोठा स्फोट होतो, स्क्रीन काळी पडते आणि मशीन रीस्टार्ट होतं, तेव्हा लोक विंडोज पुन्हा टाकतात, रॅम बदलतात. खरं तर अशा वेळी एसएमपीएसनं जीव वाचवायला स्वतःला बंद केलेलं असू शकतं. २०२२च्या एटीएक्स ३.० मानकानं म्हणूनच नवी अट घातली: मोठ्या कार्डांसाठीच्या सप्लायनं क्षमतेच्या दुप्पट भार १०० मायक्रोसेकंद सोसला पाहिजे. माझ्या मते मध्यम कार्डाला या मानकाचा चांगला ६५० वॅटचा सप्लाय बिनमानकाच्या ८५०पेक्षा केव्हाही बरा.

हजार वॅटचा डबा आणला की बिल वाढतं, ही समजूत मात्र घरोघरी आहे. तीस माणसांचं पातेलं घरात आहे म्हणून रोज तीस माणसांचा स्वयंपाक होत नाही. मशीन मागेल तेवढीच वीज डबा देतो, अधिक त्याची स्वतःची गळती. त्या गळतीचा दाखला म्हणजे २००४ साली सुरू झालेली ‘८० प्लस’ ही खूण. गोल्ड दर्जाचा सप्लाय निम्म्या भारावर किमान ९० टक्के वीज पुढे पोचवतो. मशीनला ३०० वॅट हवे असतील, तर तो भिंतीतून ३३३ ओढेल; ८० टक्केवाला ३७५ ओढेल. रोज चार तास खेळणाऱ्याला महिन्याला पाचेक युनिटचा फरक. निव्वळ बिलासाठी गोल्ड घेणाऱ्याची वसुली सावकाश होते. खरा फायदा उष्णता कमी होण्यात आहे. काही डब्यांची क्षमता ४० अंशांवर मोजलेली असते, काहींची ५०वर. अकोल्या-नागपूरच्या मे महिन्यात टेबलाखालच्या कॅबिनेटला हा फरक जाणवतो.

राहिला लाइट जाण्याचा प्रश्न. वीज गेल्यावरही तो जाडा कपॅसिटर साधारण सोळा-सतरा मिलिसेकंद मशीन तगवतो आणि तेवढ्या फटीत यूपीएसनं भार उचलायचा असतो. पण आपल्याकडे सर्रास विकला जाणारा यूपीएस ६०० व्हीएचा, आणि त्याच्याच पाठीवर बारीक अक्षरात ३६० वॅट लिहिलेलं असतं. ४०६०वालं मशीन मॉनिटरसकट त्यात कसंबसं बसतं. त्याहून वरचं कार्ड घेणाऱ्यानं एसएमपीएसच्या कोटेशनखाली यूपीएसचीही एक ओळ वाढवून घ्यावी, नाहीतर ऐन लढाईत लाइट गेली की यूपीएस दोनदा ओरडून स्वतःच बंद पडतो.