कागदी पाकिटातला पुरावा

खोलीच्या जमिनीवर एक मोठा स्वच्छ कागद अंथरलेला असतो. अत्याचार झालेली बाई किंवा मुलगी त्यावर उभी राहून एकेक कपडा उतरवते. अंगावरून गळलेला केस, मातीचा कण, गवताची काडी त्याच कागदावर पडते आणि तो कागद घडी घालून पाकिटात जातो. प्रत्येक कपड्याला वेगळं पाकीट, तेही कागदाचंच. प्लास्टिकच्या पिशवीत ओल कोंडते, बुरशी धरते, पुरावा नासतो. ओला कपडा आणि नमुन्याचा बोळा आधी सावलीत वाळवायचा असतो. नखं कापून ठेवायची, रक्ताचे नमुने घ्यायचे, प्रत्येक पाकिटावर तारीख, वेळ, सही, मोहोर. मग ती पाकिटं पोलिसांच्या हाती आणि पुढे न्यायवैद्यक प्रयोगशाळेत. ही साखळी एका ठिकाणी जरी तुटली, तरी खटला तिथेच लंगडा होतो.

या सगळ्याच्या आधी येते तिची संमती. तपासणी कशासाठी आहे, हे तिला समजेल अशा भाषेत सांगायचं. तिने संपूर्ण तपासणीला किंवा तिच्या एखाद्या भागाला नकार दिला, तरी उपचार थांबवायचे नाहीत. गर्भधारणा टाळणारी गोळी लवकरात लवकर द्यावी लागते आणि एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हावी लागतात. म्हणून रुग्णालयाच्या दारातला प्रत्येक उशीर तिला महागात पडतो.

आज सरळसाधी वाटणारी ही पद्धत आपल्याकडे सहजी रुजली नाही. ती रुजवण्याच्या कामात वर्धा जिल्ह्यातल्या सेवाग्रामचा मोठा वाटा आहे. गांधीजींच्या सहवासात राहिलेल्या डॉ. सुशीला नायर यांनी १९६९ साली इथे महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था उभी केली. तिच्या खर्चाची विभागणीही लक्षात घेण्यासारखी आहे: निम्मा भार केंद्र सरकारचा, पाव राज्य सरकारचा आणि पाव कस्तुरबा हेल्थ सोसायटीचा. म्हणजे खेड्यातल्या रुग्णासाठीच्या या रुग्णालयात जनतेचा पैसा आहे.

याच संस्थेच्या न्यायवैद्यकशास्त्र विभागातले डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी लैंगिक अत्याचाराच्या प्रकरणांतले वैद्यकीय अहवाल तपासले. त्यांना दिसलेलं चित्र विदारक होतं. सगळीकडे वापरावा असा एकसारखा नमुना नव्हता, प्रशिक्षण नव्हतं, आवश्यक नोंदी सुटत होत्या. या अभ्यासाच्या आधारे २०१० मध्ये डॉ. रंजना पारधी यांच्या नावाने मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात जनहित याचिका उभी राहिली. डॉक्टरची एक कोरी ओळ पीडितेचा खटला बुडवू शकते, हे एका ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयातल्या अभ्यासाने न्यायालयापुढे मांडलं.

त्यानंतर गोष्टी हलल्या. २०१३ मध्ये महाराष्ट्राने तपासणीचा नवा नमुना आणला. त्यातून ‘दोन बोटांची चाचणी’ गेली. बाईला शरीरसंबंधांची सवय आहे का, हे ठरवू पाहणारी ती चाचणी शास्त्र म्हणून खोटी होती आणि माणूस म्हणून तिचा अपमान करणारी होती. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या मार्गदर्शक सूचना आल्या. डॉ. खांडेकरांनी पाठ्यपुस्तकांतल्या ‘कौमार्याच्या खुणां’विरुद्धही पाठपुरावा केला आणि २०१९ मध्ये महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाने तो भाग अभ्यासक्रमातून काढला. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये दोन बोटांची चाचणी करणं हे गैरवर्तन ठरेल, असं बजावलं.

२०१३ च्या फौजदारी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने पीडितेवर तातडीने आणि मोफत उपचार करायचे आहेत. टाळाटाळ हा गुन्हा आहे. त्याच वर्षी राज्याची ‘मनोधैर्य’ योजना आली. तिच्यातली मदत पुढे दहा लाख रुपयांपर्यंत वाढली आणि ती देण्याचं काम जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे आलं. निर्भया निधीतून २०१५ पासून ‘सखी’ वन स्टॉप सेंटर सुरू झाली. तिथे एका छताखाली उपचार, समुपदेशन, कायदेशीर मदत आणि पाच दिवसांपर्यंत निवारा मिळतो.

पण घरात मार खाणाऱ्या बाईच्या दुःखाला कागदी पाकीट नसतं. वर्धा जिल्ह्याच्या आष्टी किंवा समुद्रपूर तालुक्यातल्या खेड्यातून तिने जिल्ह्याच्या गावी यायचं म्हणजे एका दिवसाची मजुरी बुडवायची, बसभाडं काढायचं आणि घरी कारण सांगायचं. कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू आहे, त्यात संरक्षण अधिकारी आहे. पण तिला पहिल्यांदा हवं असतं ते तालुक्यातच, ओळखीच्या रस्त्यावर, शांतपणे ऐकून घेणारं माणूस.

त्याची सोय केंद्राकडे किंवा मंत्रालयात शोधायला नको. महाराष्ट्रातल्या जिल्हा परिषदांनी आणि पंचायत समित्यांनी स्वतःच्या उत्पन्नातला दहा टक्के निधी महिला व बालकल्याणावर खर्च करायचा असतो. ग्रामपंचायतींनाही असाच दहा टक्क्यांचा नियम आहे. या निधीतून ज्या गोष्टी करता येतात, त्यांत शिलाई मशीन आहे, पिठाची गिरणी आहे आणि महिलांसाठी समुपदेशन केंद्रही आहे. शिलाई मशीनने घरात चार पैसे येतात, ते हवेतच. मात्र जिच्या अंगावर वळ आहेत, तिला मशीनच्या आधी सुरक्षितता हवी. स्थानिक संस्था हे काम करू शकतात, याचा दाखला मुंबईत आहे. वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ‘सेहत’ संस्थेने महापालिकेबरोबर या शतकाच्या आरंभी सुरू केलेलं ‘दिलासा’ केंद्र पुढे महापालिकेने स्वतःच्या अंगावर घेतलं आणि इतर रुग्णालयांतही नेलं.

३ फेब्रुवारी २०२० रोजी वर्धा जिल्ह्यातल्या हिंगणघाटच्या भर चौकात एका तरुण प्राध्यापिकेला पेटवून देण्यात आलं. आठवडाभराने तिने नागपूरच्या रुग्णालयात प्राण सोडले. सारा जिल्हा रस्त्यावर उतरला. १० फेब्रुवारी २०२२ रोजी आरोपीला जन्मठेप झाली. तो संताप खरा होता आणि त्याची गरजही होती. पण समुपदेशकाचा पगार संतापातून निघत नाही. त्यासाठी दर वर्षी अंदाजपत्रकात एक ओळ लागते आणि ती ओळ लिहिली गेली की नाही, हे पाहणारी माणसं लागतात.

२ ऑक्टोबरला गावोगावी ग्रामसभा भरते. गांधींच्या जिल्ह्यात तरी त्या दिवशी एखादीने उठून विचारावं: आमच्या दहा टक्क्यांचं काय झालं आणि त्यातले किती पैसे मार खाणाऱ्या बाईपर्यंत पोहोचले? उत्तर तोंडी घेऊ नका. ग्रामसभेच्या वहीत लिहून घ्या.