मोडलेल्या हाडांचा हिशेब

ज्या व्याधीची नोंद होत नाही, तिच्यासाठी अंदाजपत्रकात तरतूदही होत नाही. गडचिरोलीतील दोन गावांतील ६५० स्त्रियांची डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तपासणी केली. १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ने प्रसिद्ध केलेल्या त्या अभ्यासानुसार ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगाने ग्रासले होते, पूर्वी अशी तपासणी झालेल्या मात्र अवघ्या ८ टक्के होत्या. दुखणे जुनेच होते, मोजणी नवी होती.

चंद्रपूर-गडचिरोलीच्या वृद्ध स्त्रियांच्या हाडांची आज तीच गत आहे. ऋतुनिवृत्तीनंतर शरीरातील इस्ट्रोजेन ओसरते आणि हाडांची झीज त्यांच्या घडणीहून वेगाने होऊ लागते. मोहफुले वेचणाऱ्या, रोवणीला वाकणाऱ्या बाईचा खुबा मोडला की तिची मजुरी बुडतेच. शिवाय शुश्रूषेसाठी घरातील दुसरा कमावता हातही अडकतो. राष्ट्रीय उत्पन्नाच्या कोष्टकात या दुहेरी हानीला रकाना नाही.

रक्ताच्या चाचणीने हा धोका आधी कळेल काय? झिजणाऱ्या हाडातून रक्तात उतरणारे ‘सीटीएक्स’ व नव्या हाडाच्या घडणीचे निदर्शक ‘पी१एनपी’ ही द्रव्ये २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय तज्ज्ञसंस्थांनी प्रमाण म्हणून सुचविली. तथापि त्यांचा मुख्य उपयोग औषध लागू पडते की नाही हे पाहण्याचा. अमुक एका स्त्रीचे हाड मोडेल, असे त्यांवरून निश्चित सांगता येत नाही. त्यातही ‘सीटीएक्स’चा नमुना सकाळी उपाशीपोटी घ्यावा लागतो. पर्लकोटेच्या पुराने ज्या भामरागडचा संपर्क वारंवार तुटत आला, तेथे ही अट साधी नव्हे.

शेफील्ड विद्यापीठात २००८ साली सिद्ध झालेले ‘फ्रॅक्स’ हे गणित वय, वजन, पूर्वीचा अस्थिभंग अशा माहितीवरून धोका मांडते. त्याला रक्ताचा थेंबही लागत नाही. परंतु भारतासाठी ते रचताना सिंगापूरमधील भारतीयांचे अस्थिभंगाचे प्रमाण आधाराला घेतले गेले. चिमूरच्या शेतमजूर स्त्रीचे भवितव्य सिंगापूरच्या मापाने मोजावे, हे कितपत योग्य?

म्हणून महागड्या चाचण्यांपूर्वी मोजणी हवी. पन्नाशीपुढील स्त्रीचे कोणते हाड मोडले, ती कशी पडली, किती दिवस काम बुडाले, एवढी नोंद आशा स्वयंसेविका ठेवू शकतील. अर्थात या जादा कामाचा योग्य मोबदला त्यांना मिळाला पाहिजे. चंद्रपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने तिचे विश्लेषण करावे. कोणती चाचणी कोठे आणि कोणासाठी, हा प्रश्न त्यानंतरचा आहे.