लॅब्रॅडॉरचा खुबा : काळजी पिल्लू आणण्यापूर्वीची

मुले नोकरीनिमित्त पुण्या-मुंबईला, घरात आजी-आजोबा दोघेच. मग सोबतीला म्हणून, नातवंडांच्या हट्टाखातर, लॅब्रॅडॉरचे पिल्लू घरी येते. बारामतीच्या बंगल्यांत आणि इंदापूरकडील उसातल्या वस्त्यांवर हे दृश्य आता नवे नाही. हा कुत्रा स्वभावाने प्रेमळ. परंतु वर्षभरात त्याचे वजन तीस किलोच्या आसपास जाते. त्याच्या खुब्यात दोष असेल, तर त्याला उठवण्या-बसवण्याचा भार सत्तरीतल्या कमरेवर येतो.

खुबा हा उखळीचा सांधा. मांडीच्या हाडाचे गोल टोक कमरेच्या हाडातील वाटीत नीट बसावे लागते. काही पिल्लांमध्ये वाढीच्या महिन्यांत सांधा सैल राहतो, वाटी उथळ होते, कूर्चा झिजते आणि पुढे संधिवात जडतो. हा दोष आनुवंशिक असला, तरी एकाच जनुकामुळे होत नाही. त्यामुळे धडधाकट दिसणाऱ्या आईबापांच्या पोटीही असे पिल्लू जन्मू शकते. म्हणूनच ‘आईबाप छान पळतात’ या विक्रेत्याच्या शब्दावर विसंबू नये. दोघांच्याही खुब्यांचे एक्स-रे मागावेत. अमेरिकेत 1966 पासून अशा तपासणीची नोंद ठेवणारी संस्था असून, कुत्रा दोन वर्षांचा झाल्याशिवाय ती अंतिम निर्वाळा देत नाही. आपल्याकडे हा प्रश्न विचारला की काही विक्रेते चिडतात; अशांकडून पिल्लू न घेतलेलेच बरे. आठ आठवड्यांखालील पिल्लाची विक्री 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार निषिद्ध आहे, हेही ध्यानात असावे. शंका असल्यास आपल्या पशुवैद्यांना विचारावे. शिरवळचे पशुवैद्यकीय महाविद्यालयही या भागाला फार दूर नाही.

पिल्लू घरी आल्यावर मात्र सूत्रे आपल्या हाती येतात, आणि बहुधा आपणच ती लाडाने बिघडवतो. अमेरिकेत 48 लॅब्रॅडॉरांच्या जोड्या लावून, प्रत्येक जोडीतील एकाला दुसऱ्यापेक्षा पाव हिस्सा कमी अन्न आयुष्यभर देण्यात आले. कमी खाणाऱ्यांत खुब्याचा दोष आणि संधिवात पुष्कळ कमी आढळला, शिवाय ते सरासरी पावणेदोन वर्षे अधिक जगले. इकडे आजोबांच्या ताटातली तूप-भाकरी आणि चहाबरोबरचे बिस्किट चुकत नाही! बरगड्यांवरून हात फिरवल्यास त्या सहज जाणवल्या पाहिजेत. कॅल्शियमची बाटली तर पशुवैद्यांच्या सल्ल्याशिवाय आणूच नये. मोठ्या जातीच्या पिल्लांच्या हाडांना जादा कॅल्शियम अपायच करते.

गुळगुळीत फरशीवर पिल्लाचे मागचे पाय फाकतात. तिथे सतरंजी किंवा गोणपाट अंथरावे. पहिले तीन महिने जिने टाळावेत. नॉर्वेतील एका पाहणीत लहान वयात जिना चढणाऱ्या पिल्लांत हा दोष अधिक आढळला, तर मऊ जमिनीवर मोकळे बागडणाऱ्यांत कमी. वस्तीवरच्या मातीचा हा लाभच. पोहणे सांध्यांना मानवते, पण प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात कुत्र्याला कधीही सोडू नये. तिथून त्याला वर चढता येत नाही. कालव्याची ओढही तितकीच धोक्याची.

पळताना मागचे दोन्ही पाय सशासारखे एकत्र टाकणे, उठताना अडखळणे, चालताना कंबर डोलणे अशी लक्षणे दिसताच एक्स-रे काढून घ्यावा. वेळीच निदान झाल्यास वजन, व्यायाम व औषधे यांनी पुष्कळ साधते. मात्र आपल्या गुडघेदुखीची गोळी त्याला अर्धीसुद्धा देऊ नये. माणसांची वेदनाशामके कुत्र्याच्या पोटाला, यकृताला व मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.