बदलीच्या गावची बोली

नोकरीत बदली होऊन झारखंडमधील दुमका-घाटशिला भागात किंवा ओडिशातील मयूरभंज जिल्ह्यात जायचे ठरले, की घरात पहिली चौकशी होते ती शाळेची, दवाखान्याची आणि पाण्याची. भाषेची चौकशी सहसा कोणी करीत नाही. हिंदीवर भागेल, असे आपण गृहीत धरतो. बाजारात ते भागतेही. पण तापाने फणफणलेल्या नातवाला दवाखान्यात घेऊन आलेल्या आजीचे किंवा पहिलीच्या वर्गात बावरून बसलेल्या मुलाचे त्यावर भागत नाही. कुठे दुखते, हे माणूस मायबोलीतच नीट सांगू शकतो.

या पट्ट्यातील मोठी भाषा संथाळी. २०११ च्या जनगणनेत ७३ लाखांहून अधिक लोकांनी ती मातृभाषा म्हणून नोंदवली. पंडित रघुनाथ मुर्मू यांनी १९२५ मध्ये तिच्यासाठी ‘ओल चिकी’ लिपी तयार केली आणि २००३ च्या ९२ व्या घटनादुरुस्तीने तिला आठव्या अनुसूचीत स्थान मिळाले.

सुरुवात ‘जोहार’ने करावी. चोखामेळ्याच्या अभंगांमुळे हा शब्द आपल्याला परका नाही. २५ जुलै २०२२ रोजी राष्ट्रपतिपदाची शपथ घेतल्यावर द्रौपदी मुर्मू यांनीही भाषणाआधी ‘जोहार’ केला होता.

मग रोजचे शब्द. आई म्हणजे ‘आयो’, मूल ‘गिद्रा’, घर ‘ओडाक्’. पाणी ‘दाक्’ आणि शिजवलेला भात ‘दाका’. ‘दाक्’मधला क घशातच अडवायचा, तो मोकळा सोडलात, तर पाण्याऐवजी भाताचे ताट पुढे यायचे! ‘हिजुक् मे’ म्हणजे ये, ‘दुडुप् मे’ बस, ‘जोम मे’ जेव. परिचारिकांनी ‘हासो’ (दुखणे), ‘ओकारे’ (कुठे), ‘बोहोक्’ (डोके) आणि ‘लाच्’ (पोट) एवढे चार शब्द शिकले, तरी तपासणी सोपी होते.

मराठी माणसाला एक गोष्ट इथे चटकन जमेल. ‘आपण’ आणि ‘आम्ही’ हा भेद संथाळीतही आहे. ऐकणाऱ्याला धरून ‘आबो’, त्याला वगळून ‘आले’. गावच्या बैठकीत शिक्षक ‘आले’ म्हणाले, तर पालक आपोआप परके ठरतात. शिवाय संस्कृतसारखे द्विवचनही आहेच : तू आणि मी दोघेच असू, तर ‘आलांग’.

आणि हे सारे फार दूरचे नाही. आपल्या मेळघाटातील कोरकू ही संथाळीचीच बहीण, मुंडा कुळातली. तिथेही पाणी म्हणजे ‘डा’ आणि जेवणे म्हणजे ‘जोम’. अमरावतीहून धारणीला बदली झालेल्यांनाही ही शिकवणी उपयोगी पडेल.

एक लहान वही करा. रोज दोन शब्द शेजारच्या मुलांना विचारून टिपा आणि त्यांच्यापुढे म्हणून दाखवा. मुले हसतील, पण उच्चारही तीच सुधारून देतील.