ग्लॉस्टरशरमधील जुन्या वास्तु

विलायतेस जाणारे आपल्याकडील बहुतेक प्रवासी लंडन पाहतात, फार तर ऑक्सफर्डपर्यंत जातात, आणि देश पाहिला असें म्हणून परततात. ज्यांचीं मुलेंबाळें हल्लीं नोकरीनिमित्त तिकडे राहतात व ज्यांना महिना दोन महिने त्यांच्याकडे जाण्याचा योग येतो, त्यांनीं तरी ह्याहून निराळें करावें. काउंटी म्हणजे स्थूलमानानें आपला जिल्हा. अशी एकच काउंटी घ्यावी आणि तिच्यांतील किल्ले, चर्चें व उमरावांचे वाडे सावकाश पाहावे. आमच्या वांट्यास पश्चिमेकडील ग्लॉस्टरशर ही काउंटी आली. सेव्हर्न नदी तिच्यांतून वाहते आणि पूर्वेस कॉट्सवोल्ड नांवाच्या ठेंगण्या डोंगरांची रांग आहे. तिचा आणि आपल्या मराठी इतिहासाचा धागा कोठें व कसा जुळतो, तें पुढें येईलच.

आरंभ ग्लॉस्टर शहरांतील कॅथीड्रलपासून करावा. पूर्वीं हा ख्रिस्ती संन्याशांचा मठ होता. आठव्या हेन्रीनें मठ मोडून त्यांची मालमत्ता जप्त केली, तेव्हां १५४१ सालीं ह्यास कॅथीड्रलचा दर्जा मिळाला. येथें पाहण्यासारखी खरी वस्तु म्हणजे मठाची चौकोनी ओवरी. तिच्या छताचे दगड खांबाच्या माथ्यापासून पंख्याप्रमाणें उलगडत जातात. ही पद्धत चौदाव्या शतकांतली असून तिचा इतका जुना नमुना दुसरीकडे शिल्लक नाहीं. एका बाजूस संन्याशांनीं जेवणापूर्वीं हात धुण्याची दगडी पन्हळ आहे, आणि तिच्यावरही तसेंच नाजूक छत आहे. हात धुण्याच्या जागेवर एवढी कलाकुसर करणाऱ्या माणसांविषयीं आमच्या मनांत एकदम आपलेपणा उत्पन्न झाला. आमच्या नातवास मात्र कौतुक निराळेंच होतें: हॅरी पॉटरच्या चित्रपटांचें चित्रण ह्याच ओवरींत झालें आहे.

आंत दुसऱ्या एडवर्ड राजाची समाधि आहे, व तिच्यावर संगमरवरासारख्या मऊ पांढऱ्या दगडाची निजलेली मूर्ति आहे. हा राजा दुबळा निघाला. राणी इझाबेला व तिचा प्रियकर मॉर्टिमर ह्यांनीं त्यास १३२७ सालीं पदच्युत करून मुलास गादीवर बसविलें, आणि बापास बर्कली येथील किल्ल्यांत कोंडलें. त्याच वर्षीं २१ सप्टेंबर रोजीं तेथें त्याचा खून झाला असें इतिहास सांगतो. तो निसटून गेला असें मानणारे संशोधकही आहेत. जिवंतपणीं ज्यास कोणी विचारीत नव्हतें, त्याच्या समाधीस पुढें नवस होऊं लागले, आणि त्या दानांतून चर्चचा बराच भाग नव्यानें उभारला गेला अशी परंपरागत समजूत आहे.

बर्कलीचा किल्ला तेथून मोटारनें फार लांब नाहीं. बाराव्या शतकापासून आजपर्यंत तो एकाच कुळाकडे आहे, आणि तें कूळ अजून त्याची निगा राखतें. राजास कोंडलेली खोली दाखवितात. तिच्या कोपऱ्यांत एक खोल विहीरवजा खड्डा आहे. मेलेलीं जनावरें व अप्रिय माणसें त्यांत टाकीत, असें वाटाड्यानें सांगितलें. १६४५ सालीं यादवी युद्धांत पार्लमेंटच्या फौजेनें किल्ल्याची मुख्य भिंत फोडली. पुढें किल्ला मालकास परत मिळाला, परंतु तें भगदाड पुन्हा बुजवूं नये ह्या अटीवर! तें आजही तसेंच आहे. तें पाहतांना आम्हांस १८१८ ची आठवण झाली. त्या वर्षीं कॅप्टन ब्रिग्ज व त्याच्या सोबत्यांनीं नाशिककडील गडांच्या पायऱ्या व वाटा सुरुंगांनीं उडवून दिल्या. ही विद्या इंग्रजांनीं आपल्याच घरीं आधीं गिरविली होती. फरक इतकाच कीं, बर्कलीचा धनी भगदाडाच्या आंत राहत आला, आणि आमच्या गडांना धनीच उरला नाहीं.

किल्ल्यापासून चार पावलांवर डॉक्टर एडवर्ड जेन्नर ह्यांचें घर आहे. आमच्या मतें बर्कलीस जाण्याचें मोठें कारण किल्ला नसून हें घर होय. आमच्या पिढींतील प्रत्येकाच्या दंडावर देवी टोचल्याचा वण आहे. त्या विद्येचा उगम ह्या बागेंत झाला. गवळणींना गाईची देवी येऊन गेली म्हणजे मोठी देवी सहसा येत नाहीं, ही खेड्यांतील समजूत जेन्नरांनीं थट्टेवारी नेली नाहीं. १४ मे १७९६ रोजीं एका गवळणीच्या हातावरील फोडांतील लस त्यांनीं जेम्स फिप्स नांवाच्या आठ वर्षांच्या मुलास टोचली. लसीस इंग्रजींत जो व्हॅक्सिन शब्द आहे, तो लॅटिन भाषेंतील गाईच्या नांवावरून निघाला. बागेंत एक ओबडधोबड झोंपडी आहे. तींत बसून डॉक्टर गोरगरिबांना फुकट टोचीत. राजाच्या खुनाची खोली पाहावयास रांग लागते आणि ह्या झोंपडीपाशीं आम्ही चौघेच होतों, ह्याचें आम्हांस वाईट वाटलें. ही लस हातावरून हातावर नेत नेत बगदाद व बसऱ्यावरून मुंबईस आली, आणि १४ जून १८०२ रोजीं तीन वर्षांची ॲना डस्टहॉल हिला टोचण्यांत आली. हिंदुस्थानांतील तें पहिलें टोचणें. १९८० सालीं तो रोग पृथ्वीवरून नाहींसा झाल्याचें जाहीर झालें.

सूडलीचा किल्ला व फेअरफोर्डचें चर्च हीं एका दिवसांत होतात. सूडली येथें आठव्या हेन्रीची सहावी व अखेरची राणी कॅथरीन पार हिचें थडगें आहे. ती १५४८ सालीं बाळंतपणांत वारली. यादवींत किल्ला पडला, थडगें विसरलें गेलें, आणि १७८२ सालीं शवपेटी पुन्हा सांपडली. फेअरफोर्डचें चर्च पंधराव्या शतकाच्या शेवटीं लोकरीच्या एका व्यापाऱ्यानें बांधविलें. त्याच्या अठ्ठावीस खिडक्यांत रंगीत कांचांतून बायबलची सर्व कथा मांडली आहे, आणि तो संच अखंड राहिलेला असा इंग्लंडांतील गांवच्या चर्चांत एकच आहे. दुसऱ्या महायुद्धांत त्या कांचा उतरवून लपवून ठेवल्या होत्या. दुपारच्या उन्हांत जावें.

आतां आमच्या संबंधाच्या दोन वास्तूंकडे वळूं. पहिली सेझिनकोट. कॉट्सवोल्डच्या हिरव्या उतारावर, ओक वृक्षांच्या आडून, एकाएकीं कांद्याच्या आकाराचा तांब्याचा हिरवट घुमट दिसतो, आणि क्षणभर माणूस बुचकळ्यांत पडतो. कर्नल जॉन कॉकरेल ह्यांनीं बंगालमधून परतल्यावर १७९५ सालीं ही मिळकत घेतली. ते १७९८ मध्यें वारले. त्यांचे बंधु चार्ल्स हेही कंपनीच्या नोकरींत होते. त्यांनीं १८०५ च्या सुमारास तिसरे बंधु, स्थपति सॅम्युअल पेप्स कॉकरेल, ह्यांजकडून येथें मोंगली धाटणीचा वाडा बांधविला. सल्ला देण्यास टॉमस डॅनियल हे चित्रकार होते. ह्यांनीं पुतण्यासह हिंदुस्थानभर फिरून घारापुरी व कान्हेरीचीं लेणीं चितारलीं, आणि पुण्यास राहून गेलेल्या जेम्स वेल्स ह्यांच्या रेखाटनांवरून वेरुळाचीं चित्रें प्रसिद्ध केलीं.

बाहेरून छज्जे, कमानी, मोरपिसाऱ्याच्या आकाराच्या खिडक्या. आंत गेलें कीं सारें ग्रीक व रोमन वळणाचें. हिंदुस्थान हा अंगरख्यासारखा वरून चढविलेला आहे. बागेंत सूर्यनारायणाचें लहानसें देऊळ आहे, आणि ओढ्यावरील पुलाच्या कठड्यावर नंदी बसविले आहेत. शिवालयांतला नंदी पुलावर कां, हें विचारण्यांत अर्थ नाहीं. बांधविणाऱ्यास तो शोभेचा बैल वाटला. पूजा नसलेल्या देवापुढें हात जोडावे कीं न जोडावे, ह्याविषयीं आमच्यांत मतभेद झाला. आम्ही जोडले. पुढें चौथे जॉर्ज झालेले युवराज १८०७ सालीं येथें येऊन गेले, आणि ब्रायटनच्या राजवाड्याचा हिंदी थाट त्यावरून सुचला असें सांगतात.

दुसरें ठिकाण जवळच, डेल्सफर्ड. येथील वाडाही त्याच सॅम्युअल कॉकरेल ह्यांचा. बांधविणारे वॉरन हेस्टिंग्ज. त्यांच्या पूर्वजांची ही जहागीर कर्जापायीं गेली होती. ती परत मिळवीन अशी प्रतिज्ञा त्यांनीं सातव्या वर्षीं ओढ्याकांठीं पडल्या पडल्या केली, असें ते म्हातारपणीं सांगत. १७८८ सालीं ती त्यांनीं विकत घेतली, आणि त्याच वर्षीं पार्लमेंटांत त्यांच्यावरील खटला सुरू झाला. तो सात वर्षें चालला. १७९५ सालीं ते निर्दोष सुटले, पण खर्चानें खंक झाले व कंपनीच्या पेन्शनीवर राहिले. वाडा खासगी असून पाहतां येत नाहीं. चर्च मागाहून पुन्हा बांधलें आहे. अंगणांत हेस्टिंग्जचें थडगें आहे.

ते २२ ऑगस्ट १८१८ रोजीं वारले. दुसऱ्या बाजीरावांनीं शरणागति पत्करून तीन महिनेही लोटले नव्हते. पेशवाई बुडविणारे गव्हर्नर जनरलही हेस्टिंग्जच, पण ते उमराव निराळे. पुष्कळ लोक ह्या दोघांची गल्लत करतात. थडग्यांतील हे पहिले, ज्यांच्याशीं नाना फडणविसांची गांठ होती. सुरतेच्या तहानें रघुनाथरावांना मुंबईकरांनीं हातीं धरलें तें ह्यांस पसंत नव्हतें. तरी युद्ध ह्यांनींच पुढें रेटलें, वडगांवचा करार झुगारला, आणि १७८२ सालीं साल्बाईचा तह करून साष्टी राखून ठेवली. ह्या व इतर युद्धांच्या खर्चासाठीं काशीचे राजे चेतसिंग ह्यांजकडून पैसा पिळला गेला व शेवटीं त्यांचें राज्य गेलें.

आम्ही तेथें बराच वेळ उभे राहिलों, तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं विचारलें, "अहो, काशीच्या राजाला लुबाडणाऱ्यापाशीं एवढा वेळ कशाला?" आम्हीं सांगितलें कीं, चार्ल्स विल्किन्स ह्यांचें भगवद्गीतेचें पहिलें इंग्रजी भाषांतर १७८५ सालीं ह्यांच्याच आश्रयानें लंडनमध्यें छापलें, त्याची प्रस्तावना ह्यांनीं काशीहूनच लिहून धाडली, आणि इंग्रजांचें राज्य लयास गेल्यावरही हे ग्रंथ राहतील असा आशय तींत मांडला. त्यावर त्या म्हणाल्या, "गीता वाचून हें केलें? मग तर अधिकच वाईट." आम्हांपाशीं ह्यास उत्तर नव्हतें. चिरंजीवांनीं मोटार सुरू केली होती.

जाणाऱ्यांसाठीं दोन शब्द. सेझिनकोटचा वाडा उन्हाळ्यांत ठराविक दिवशींच उघडतो. चौकशी करून निघावें. बर्कलीचा किल्लाही हिंवाळ्यांत बंद असतो. कॅथीड्रलांत प्रवेशास पैसे लागत नाहींत, दानपेटी असते. छत्री मात्र जून महिन्यांतही बरोबर ठेवावी.